वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवरचे मुक्कामाचे गाव

छत्रपती संभाजीनगर हे शहर खाम नदीच्या काठी, दोन डोंगररांगांच्या मधल्या सपाटीवर वसले आहे. वायव्येला सुमारे १५ किलोमीटरवर देवगिरी तथा दौलताबादचा किल्ला, घाट चढून गेले की खुलदाबाद आणि घाट उतरला की सुमारे ३० किलोमीटरवर वेरूळ. उत्तरेला सिल्लोडवरून शंभरेक किलोमीटर गेले की अजिंठा, दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर पैठण. या सगळ्या वाटा एकाच गावात मिळतात. म्हणून शहर वसल्यापासून त्याचे एक काम ठरून गेले आहे: दुसरीकडचे काही पाहायला निघालेल्या माणसाला उतरायला जागा देणे. तो माणूस कशाने आला, बैलगाडीने, टांग्याने, आगगाडीने, एस.टी.ने की विमानाने, त्यावर तो किती दिवस राहिला आणि त्याने काय पाहिले हे ठरत गेले. शहराच्या पर्यटनाचा इतिहास हा मुख्यतः या वाटांचा आणि मुक्कामांचा इतिहास आहे.

शहर होण्याच्या कितीतरी आधीपासून वेरूळला माणसे येत होती. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कैलास लेणे कोरले गेले. त्यानंतर काही दशकांनी दिलेल्या बडोद्याच्या ताम्रपटात या मंदिराचे वर्णन आहे. विमानांतून जाणारे देवही ते पाहून थक्क झाले आणि हे आपल्या हातून कसे घडले याचे खुद्द शिल्पकारालाच आश्चर्य वाटले, असा त्याचा आशय. वेरूळ पाहणाऱ्याच्या मनात काय होते याची ही बहुधा पहिली नोंद, आणि पुढच्या बाराशे वर्षांतल्या प्रवाशांनी तिच्यात फारशी भर घातलेली नाही. मराठी परंपरेनेही ते आश्चर्य आपल्या पद्धतीने जपले. ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथात माणिकावती राणीची कथा येते. शिवालयाचा कळस पाहिल्याशिवाय अन्न घेणार नाही असा तिचा नेम होता, आणि पैठणच्या कोकसा या कारागिराने काम वरून खाली करत आणून आधी कळसच दाखवला. कथा असली तरी तिच्यात एक तांत्रिक सत्य आहे. कैलास खरोखरच डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलेले आहे.

तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधरस्वामी वेरूळला राहिले होते. ‘लीळाचरित्रा’त त्या वास्तव्याच्या लीळा आहेत. स्वामी जिथे जिथे थांबले त्या जागांची माहिती देणारी ‘स्थानपोथी’ पुढे पंथात तयार झाली. कोणते देऊळ, त्याचे तोंड कोणत्या दिशेला, स्वामींचे आसन कुठे, असे तिचे स्वरूप आहे. भक्तीसाठी लिहिलेली असली तरी ती मराठीतली सर्वांत जुनी स्थळपुस्तिकाच म्हणायला हवी. एखादी जागा कशी ओळखावी आणि तिथे काय पाहावे, हे ती नेमकेपणाने सांगते.

निव्वळ पाहण्याच्या हौसेने वेरूळला गेलेल्या माणसांची गोष्ट फरिश्ता या फारसी इतिहासकाराने सांगितली आहे. चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अलाउद्दीन खिलजीचा सरदार अल्पखान याची छावणी या भागात पडली असताना त्याच्या काहीशे सैनिकांनी लेणी पाहायला जाण्याची परवानगी मागितली. तिथे त्यांची गाठ यादवांच्या घोडदळाशी पडली, आणि त्या चकमकीत देवगिरीकडे नेली जात असलेली गुजरातची राजकन्या देवलदेवी त्यांच्या हाती लागली. तपशिलांबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. तरीही मोहिमेवरच्या सैनिकांनी सुट्टी काढून लेणी पाहायला जावे हे फरिश्त्याला वावगे वाटले नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

१३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली आणि तिला दौलताबाद नाव दिले. त्यानंतर काही वर्षांनी मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे आला. दिल्लीपासून दौलताबाद चाळीस दिवसांच्या वाटेवर आहे, सगळ्या रस्त्याच्या दुतर्फा झाडे आहेत आणि चालणाऱ्याला आपण बागेतून चाललो आहोत असे वाटते, असे त्याने लिहून ठेवले. किल्ल्यातली तळघरे, तिथले मोठाले उंदीर आणि गायक-गायिकांचा बाजार यांचेही वर्णन त्याने केले. राजधानी पुढे दिल्लीला परतली, पण तिच्याबरोबर आलेले सगळे परत गेले नाहीत. सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्यांमुळे घाटावरचे खुलदाबाद यात्रेचे ठिकाण झाले. हिमरू विणणारे कारागीर आणि नान-खलिया हा पदार्थ यांचे मूळही स्थानिक परंपरा याच स्थलांतराशी जोडते. पुढे सोळाव्या शतकात दौलताबादचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांच्याकडे पैठणहून एकनाथ शिष्य म्हणून आले. पैठण ते देवगिरी हा रस्ता वारकऱ्यांच्या आठवणीत आहे तो त्यामुळे.

आजचे शहर मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी नावाने वसवले. इथे राजधानी करायची तर पहिला प्रश्न पाण्याचा होता. डोंगरातले झरे शोधून, भुयारी नहरींनी पाणी शहरात आणण्याची त्याची योजना पुढच्या राज्यकर्त्यांनी वाढवत नेली. मुक्कामाचे गाव म्हणून शहराला जे महत्त्व आले त्याच्या तळाशी या नहरी आहेत. हजारोंची छावणी, काफिले आणि जनावरे यांना पुरेल एवढे पाणी वाटेवरच्या दुसऱ्या गावांत नव्हते. पाणचक्की हे त्याच व्यवस्थेचे सर्वांना माहीत असलेले रूप. सुमारे सहा किलोमीटरवरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून हौदात सोडले, त्याच्या जोराने जाते फिरू लागले आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांचे व यात्रेकरूंचे धान्य तिथे दळले जाऊ लागले. आज लोक ती एक गंमत म्हणून पाहतात. मुळात ती वाटसरूंच्या जेवणाची सोय होती.

१६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने गावाला औरंगाबाद हे नाव दिले. याच शतकात सुरत बंदरातून गोवळकोंड्याकडे जाणारा व्यापारी रस्ता इथून जात होता आणि युरोपीय प्रवासी येऊ लागले ते त्याच वाटेने. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याने सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना संगमरवराने भरलेल्या सुमारे तीनशे गाड्या पाहिल्या, आणि त्यांतल्या लहानातल्या लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते, अशी नोंद सांगितली जाते. हा दगड बीबी का मकबऱ्यासाठी होता असे मानतात. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू हिची ही कबर १६६० च्या सुमारास पूर्ण झाली. तिच्यावर ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च झाल्याचा आकडा प्रसिद्ध आहे. ताजमहालाशी तुलना करून मकबऱ्याला कमी लेखण्याची सवय प्रवाशांना फार पूर्वीपासून लागली. त्या तुलनेत एक गोष्ट हरवते: अताउल्लाह हा वास्तुकार आणि हंसपतराय हा अभियंता यांनी मर्यादित पैशात संगमरवराच्या जोडीला काळा दगड आणि चुन्याचा गिलावा वापरून हे काम उभे केले. तो गिलावा जवळून पाहिला तर दख्खनच्या कारागिरांचा हात ओळखू येतो.

तावेर्नियेचा समकालीन जाँ द थेवेनो याच वाटेवर १६६७ च्या सुमारास औरंगाबादला थांबला आणि वाट वाकडी करून वेरूळला गेला. युरोपीय वाचकांसाठी वेरूळचे प्रत्यक्ष पाहून केलेले पहिले वर्णन त्याचे. मोगल दरबारातही लेण्यांची माहिती होती. ‘मआसिर-ए-आलमगिरी’ या बखरीत वेरूळ हे फिरायला आणि डोळ्यांना सुखावणारे ठिकाण असल्याचा उल्लेख येतो.

अठराव्या शतकात वेरूळ होळकरांकडे होते. वेरूळच्याच मालोजी भोसल्यांनी पूर्वी जीर्णोद्धार केलेल्या घृष्णेश्वर मंदिराला आजचे रूप मिळाले ते होळकर घराण्यातल्या स्त्रियांमुळे. शिवालय तीर्थाचे सुंदर पायऱ्यांचे कुंड अहिल्याबाईंनी बांधवले. लेण्यांमधल्या पूजेचा हक्क होळकरांच्या राजवटीत लिलावाने दिला जाई आणि आत जाणाऱ्याकडून पैसे घेतले जात. आजच्या तिकीटखिडकीचा हा पूर्वज आहे. त्या काळी पैसे भरणारा मुख्यतः यात्रेकरू होता, एवढाच फरक. होळकरांनंतर गाव निजामाकडे गेले.

लेण्यांची चित्रे पहिल्यांदा बाहेरच्या जगात पोहोचली त्यात एका मराठी चित्रकाराचा मोठा वाटा आहे. पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट १७९४ मध्ये वेरूळला आला. त्याच्यासाठी काम करणाऱ्या पुण्याच्या गंगाराम तांबट यांनी लेण्यांची रेखाटने केली. त्यांत दगडाची घडण, पडलेला प्रकाश आणि मोजमाप यांचे भान आहे, आणि कधी कधी पाहणारी माणसेही आहेत. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानेही वेरूळवर काम सुरू केले, पण १७९५ मध्ये तो वारला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस व विल्यम डॅनियल यांनी १८०३ मध्ये लंडनला चित्रसंच प्रसिद्ध केला. तांबटांचे नाव मात्र पुढे जवळजवळ दोनशे वर्षे अभ्यासकांच्या लहानशा वर्तुळाबाहेर गेले नाही.

केवळ वेरूळ पाहण्यासाठी रजा घेऊन निघालेला आणि त्या प्रवासावर पूर्ण पुस्तक लिहिणारा पहिला प्रवासी म्हणजे मुंबईच्या लष्करातला कॅप्टन जॉन सीली. त्याचा प्रवास १८१० चा, पुस्तक १८२४ चे. पुणे, अहमदनगर आणि गोदावरी-प्रवरेच्या संगमावरचे टोके या मार्गाने तो वेरूळला गेला आणि दौलताबाद-औरंगाबादवरून परतला. नोकरचाकर, शिपाई, जनावरे आणि सामान घेऊन मजल दरमजल करत चाललेले हे एक फिरते घरच होते. वाटेतल्या प्रत्येक गावात पाणी, चारा आणि झाडाखालची जागा शोधावी लागे, त्यामुळे सीलीच्या पुस्तकात वेरूळइतकीच वाटेवरची गावे आहेत. लेण्यांपाशी पोहोचल्यावर तो दिवसचे दिवस तिथे राहिला. पुस्तकाच्या शीर्षकात त्याने हा डोंगर ग्रॅनाइटचा म्हटला आहे. खरे तर तो सह्याद्रीचाच काळा कातळ, बेसाल्ट. ही चूक सोडली तर सीलीइतक्या सवडीने वेरूळ पाहणारे नंतर फार थोडे झाले.

अजिंठ्याची कहाणी वेगळ्या दिशेने सुरू होते. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीसाठी फिरताना वाघुर नदीच्या घळीत पोहोचला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरली. याला शोध म्हणण्याची प्रथा पडली असली तरी लेणी गावकऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातली होती. लेण्यांजवळचे उतरण्याचे ठिकाण म्हणजे घाटाखालचे फर्दापूर. तिथे मोगल काळातली सराई होती. खानदेशातून येणाऱ्याला फर्दापूर आधी लागे. त्यामुळे अजिंठा पाहून परत जाणाऱ्या पुष्कळ प्रवाशांचा औरंगाबादशी संबंधच येत नसे.

अजिंठ्याला सर्वांत दीर्घ मुक्काम घडला तो रॉबर्ट गिल याला. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला १८४४ मध्ये चित्रांच्या नकला करायला पाठवले आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे तो हेच काम करत राहिला. त्याने केलेल्या मोठ्या तैलचित्रांपैकी बहुतेक सर्व लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाली. त्याची सहचरी पारो १८५६ मध्ये पटकीने गेली. तिची कबर अजिंठा गावात आहे, आणि ना. धों. महानोर यांच्या काव्यामुळे ती मराठी वाचकाला परिचित झाली. त्यानंतर भाऊ दाजी लाड यांनी १८६०च्या दशकात लेण्यांतले शिलालेख वाचले. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन अनेक हंगाम नकला करत होते. त्यांतल्याही बऱ्याच नकला लंडनलाच १८८५ च्या आगीत गेल्या. दोनदा असे व्हावे ही अजिंठ्याच्या इतिहासातली जिव्हारी लागणारी गोष्ट आहे, कारण भिंतीवरचा रंग दरम्यान झिजतच होता.

मुंबई-भुसावळ रेल्वे सुरू झाल्यावर वेरूळचा रस्ता बदलला. आता प्रवासी नांदगाव स्थानकावर उतरून टांग्याने देवगाव-रंगारीच्या वाटेने येऊ लागले. या वाटेवर वेरूळ आधी लागते आणि शहर नंतर. उतरण्याची जागा घाटावरच्या खुलदाबादला, तेव्हाच्या बोलण्यात रौजा येथे असे. तिथली हवा थंड म्हणून औरंगाबाद छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी जुन्या कबरींच्या इमारतीच बंगला म्हणून वापरात आणल्या होत्या. ज्याला घाई असे तो लेणी पाहून, दौलताबादवर एक नजर टाकून नांदगावला परत जाई. शहर टाळून वेरूळ पाहता येते हे त्या वेळी पहिल्यांदा दिसून आले.

१९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला आणि औरंगाबाद स्वतः रेल्वेचे स्थानक झाले. नांदगावचे टांगे मागे पडले आणि वेरूळचा दरवाजा पुन्हा शहरात आला. १९१३ मध्ये ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार एका मित्राकडे इथे राहून गेले. निजाम सरकारने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन केले. त्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी पुढची तीन दशके लेण्यांचे रस्ते, डागडुजी, देखभाल आणि ग्रंथप्रकाशन असे सगळेच काम हाती घेतले. १९२० नंतर इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ बोलावून अजिंठ्याच्या चित्रांचे पापुद्रे भिंतीला चिकटवून घेतले गेले. त्या उपचारातल्या लाखेच्या थराने पुढे चित्रांवर पिवळसर झाक आली हेही खरे आहे. निजामाच्या रेल्वेने १९३२ पासून प्रवासी मोटारीही चालवायला घेतल्या. औरंगाबादला रेल्वेचे हॉटेल होते आणि वेरूळ-अजिंठ्याची रंगीत भित्तिपत्रके छापून रेल्वे प्रवाशांना बोलावत असे. तिकीट, खोली आणि मोटार एकाच व्यवस्थेकडून मिळण्याची इथली ही पहिली वेळ. याच काळात औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार असल्याने लेण्यांत बसून काम करत होते. वेरूळवर १९२९ मध्ये आणि अजिंठ्यावर १९३२ मध्ये त्यांची सचित्र पुस्तके निघाली.

वाटा सर्वांसाठी सारख्या खुल्या नव्हत्या. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि चळवळीतले सुमारे तीस सहकारी वेरूळची लेणी पाहायला निघाले. निजामाच्या मुलखातून जायचे असल्याने, आणि अस्पृश्य म्हणून ओळख पटली तर अडचण होईल हे माहीत असल्याने, त्यांनी आपला दौरा गाजावाजा न करता आखला होता. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. रमजानचे दिवस होते. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला हौद होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काहींनी तिथे हातपाय धुतले. थोड्याच वेळात आरडाओरडा झाला, हौद बाटवला म्हणून जमाव अंगावर आला आणि शिवीगाळ सुरू झाली. दंगा होण्याची वेळ आली. अखेर किल्ला पाहू दिला तो बरोबर हत्यारी शिपाई देऊन, आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. बाबासाहेबांनी ही हकिकत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आत्मकथनपर लेखनात लिहून ठेवली आहे. हिंदूंना अस्पृश्य असलेला माणूस मुसलमानांनाही अस्पृश्यच ठरतो, हा त्या प्रसंगाचा अर्थ त्यांनी तिथेच सांगितला. ज्या शहराचा सगळा थाट पाण्यावर उभा राहिला, त्याच्या वेशीजवळ हे घडले. सहलीच्या इतिहासातून हा प्रसंग वगळता येत नाही, आणि दौलताबादच्या कोणत्याही माहितीफलकावर तो असायला हवा. पुढे १९५० मध्ये बाबासाहेबांनी याच शहरात मिलिंद महाविद्यालय काढले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर शहराच्या उत्तरेची औरंगाबाद लेणी, वेरूळ आणि अजिंठा ही महाराष्ट्रातल्या बौद्धांची श्रद्धास्थाने झाली. पाहायला येणाऱ्यांत एक नवा, मोठा आणि हक्काने येणारा समुदाय मिळाला.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. लेण्यांची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे गेली. सामान्य मराठी माणसासाठी या काळातला सर्वांत मोठा बदल म्हणजे एस.टी. मध्यवर्ती बसस्थानकावरून सकाळी सुटणारी वेरूळ दर्शनची आणि अजिंठा दर्शनची गाडी हेच पुढे कित्येक पिढ्यांचे शहर पाहण्याचे साधन झाले. वेरूळच्या गाडीचा क्रम ठरलेला: दौलताबाद, घृष्णेश्वर, लेणी, खुलदाबाद, मकबरा, पाणचक्की. एका दिवसात हजारभर वर्षे पाहायची आणि संध्याकाळी स्थानकावर उतरायचे. शैक्षणिक सहलींना एस.टी. अर्ध्या भाड्यात गाडी देते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत राज्याच्या कानाकोपऱ्यातल्या शाळांच्या लाल गाड्या इथे रांगेने उभ्या राहू लागल्या. मुले धर्मशाळेत, शाळेच्या वर्गात किंवा मंगल कार्यालयात उतरत, पहाटे थंड पाण्याने अंघोळ करत आणि दौलताबादच्या अंधारी वाटेत एकमेकांना घाबरवत. महाराष्ट्रातल्या लाखो माणसांनी आयुष्यातले पहिले लेणे पाहिले ते असे. पर्यटनाच्या अहवालांत या सहलींना फारशी जागा नसते. मात्र कैलास लेण्याशी मराठी समाजाचे नाते जोडण्यात त्यांचा वाटा पंचतारांकित हॉटेलांपेक्षा कितीतरी मोठा आहे.

परदेशी पर्यटकांची वाट निराळी होती. दिल्ली, जयपूर, उदयपूर, औरंगाबाद, मुंबई अशी थांबत जाणारी इंडियन एअरलाइन्सची सेवा राजस्थान पाहणाऱ्याला सरळ शहराच्या चिकलठाणा विमानतळावर आणून सोडी. २६ एप्रिल १९९३ रोजी याच सेवेचे विमान उड्डाण करताना धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरच्या कापसाच्या ट्रकला धडकले आणि ५५ जण मृत्युमुखी पडले. त्याआधी १९८३ मध्ये अजिंठा आणि वेरूळ या दोन्ही लेण्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला होता. भारतातली त्या यादीत गेलेली पहिली चार स्थळे ती हीच दोन, ताजमहाल आणि आग्र्याचा किल्ला. १९९० च्या दशकात जपानच्या कर्जातून अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्प सुरू झाला. त्यातून रस्ते, लेण्यांचे परिसर आणि विमानतळ सुधारले. अजिंठ्याला खासगी वाहने चार किलोमीटर अलीकडे फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबवून पुढे एस.टी.च्या गाड्यांनी नेण्याची पद्धत आली. धूर आणि गर्दी यांपासून चित्रे वाचवण्यासाठी तो निर्णय योग्यच होता. त्याच प्रकल्पात दोन्हीकडे भव्य अभ्यागत केंद्रे उभी राहिली. अजिंठ्याच्या केंद्रात प्रमुख लेण्यांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृतीही केल्या होत्या. मूळ चित्रांवरची गर्दी हलकी व्हावी हा हेतू उत्तम होता. पण वीज आणि पाण्याची बिले थकून ही केंद्रे काही वर्षांतच बंद पडली.

दरम्यान मनमाडपासूनचा मार्ग ब्रॉडगेज झाला, मुंबईहून थेट गाड्या आल्या, डिसेंबर २०२३ पासून जालना-मुंबई वंदे भारतही धावू लागली. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. तो शहराला आणि दौलताबादला लागूनच जातो. मुंबईहून सकाळी निघालेले कुटुंब दुपारी वेरूळला असते आणि रात्री शिर्डीला. सोय वाढली, मुक्काम मात्र घटला. नांदगावच्या टांग्यांच्या काळात जे झाले तेच आता वेगळ्या वेगाने होत आहे: वेरूळ पाहिले जाते, शहर राहून जाते. त्याची किंमत शहरातल्या कारागिरीला मोजावी लागते. सुती ताणा आणि रेशमी बाणा यांच्या हिमरूचे हातमाग मूठभर उरले आहेत, कारण शाल विकत घेण्याआधी माग पाहायला लागणारा वेळ पाहुण्याकडे नसतो. बावन्न दरवाजांचे शहर म्हणून ख्याती असलेल्या या गावात भडकल, मकाई, दिल्ली, पैठण, रंगीन असे थोडेच दरवाजे उभे आहेत आणि त्यांच्याखालून वाहतूक चाललेली असते. १६१२ च्या सुमाराचा भडकल दरवाजा हा मलिक अंबरच्या शहराचा जिवंत दाखला. दर्शनाच्या गाड्या तिथे थांबत नाहीत.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. झोपायची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली गाडी आणि ती रात्री उभी करण्यासाठी पाणी-विजेची सोय असलेला तळ, असे त्याचे स्वरूप आहे. परदेशात रुळलेली ही पद्धत इथे अजून नवी आहे. या प्रदेशाला मात्र ती अनोळखी वाटू नये. सीलीचा तांडा, मोगलांच्या छावण्या, सुरत-गोवळकोंड्याच्या वाटेवरचे काफिले हे सगळे आपला मुक्काम बरोबर घेऊनच फिरत होते. त्यांना हवे असे ते पाणी, सावली आणि सुरक्षित तळ, आणि सराई बांधणाऱ्यांनी नेमके तेच दिले. पितळखोऱ्यासारखी एकाकी लेणी, म्हैसमाळचा माथा किंवा पैठणचा नाथसागर इथे हॉटेलांची गर्दी करण्यापेक्षा असे चांगले तळ अधिक शोभतील. ते झाले तर वाटेवरची गावेही पुन्हा प्रवासाचा भाग होतील.

फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. शहराचे मुक्कामाचे महत्त्व टिकवायचे तर पाहुण्याला निदान दोन रात्री इथे राहावेसे वाटले पाहिजे. एक दिवस देवगिरी, खुलदाबाद आणि वेरूळसाठी, एक अजिंठ्यासाठी आणि एक दरवाजे, नहरी, मकबरा, शहरालगतची लेणी व हिमरूच्या मागांसाठी. बेत आखताना एवढे ध्यानात ठेवावे, की अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी.